पाठीचा कणा : विकार, दुखापती आणि वेळेचे भान

शरीराला ताठ उभे ठेवायचे, त्याच वेळी त्याला वाकू-वळू द्यायचे आणि शिवाय आतील एक अत्यंत नाजूक रज्जू सुरक्षित सांभाळायचा, अशी एकमेकांशी न जुळणारी तीन कामे पाठीचा कणा जन्मभर करीत असतो. जन्माच्या वेळी त्यात ३३ मणके असतात : मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे साधारणतः ४. शेवटचे दोन गट पुढे जुळून एकसंध होतात आणि हालचाल करणारे २४ मणके उरतात. मानेचे पहिले दोन मणके सोडले, तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. हिलाच आपण बोलीभाषेत 'गादी' म्हणतो. तिच्या मध्यभागी जेलीसारखा मऊ गाभा आणि त्याभोवती चिवट तंतूंची कडी असते. प्रौढ वयात या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडातून जे झिरपेल, त्यावरच तिचे पोषण होते. दिवसभराच्या भाराने तिच्यातील पाणी थोडे कमी होते आणि रात्रीच्या विश्रांतीत ते भरून निघते. म्हणूनच सकाळी मोजलेली आपली उंची रात्रीपेक्षा किंचित अधिक भरते.

मणक्यांच्या मागच्या कमानींतून तयार झालेल्या नळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर असते आणि तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून शरीरशास्त्राने त्याला 'अश्वपुच्छ' असे नाव दिले आहे. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे, कारण कण्याच्या कोणत्या उंचीवर बिघाड झाला यावरच रुग्णाचे भवितव्य बहुतांशी ठरते.

कण्याच्या तक्रारींचे व्यवहारात दोन ढोबळ वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील दुखणी पुष्कळ त्रास देतात, पण धीर धरल्यास बहुधा आपोआप ओसरतात. दुसऱ्या वर्गातील दुखणी सुरुवातीला तितकीशी भयंकर वाटत नाहीत, मात्र त्यांत दिवस, प्रसंगी तास वाया गेले तर कायमचे अपंगत्व येते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पहिल्या वर्गातील रुग्ण घाबरून तपासण्यांच्या मागे धावतात, तर दुसऱ्या वर्गातील रुग्ण मालीश, पट्टा आणि वेदनाशामक गोळ्यांवर महिनोन् महिने काढतात.

उसण आणि साधी कंबरदुखी

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये दुखण्याचे एखादे विशिष्ट, बोट ठेवून दाखवता येईल असे कारण सापडत नाही. स्नायू, अस्थिबंध, मणक्यांमागचे छोटे सांधे, चकती यांपैकी कोणाचाही त्यात वाटा असू शकतो. बादली उचलताना, खाली पडलेली वस्तू घेताना किंवा नुसते शिंकतानाही एकाएकी कळ येते आणि माणूस जागीच आखडतो. यालाच आपण उसण भरणे म्हणतो.

उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला पायाळू व्यक्तीने पाय लावला की ती उतरते, अशी समजूत महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पायाळूचा गुण येतो तो एवढ्याचसाठी की, साधी उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत स्वतःहूनच जाते. त्या काळात जो उपाय केला, त्याला यश मिळते. आज महागड्या उपकरणांनी केल्या जाणाऱ्या कित्येक उपचारांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही.

एके काळी अशा रुग्णास फळीवर पंधरा दिवस निजून राहण्यास सांगत असत. तो सल्ला आता पूर्णपणे मागे पडला आहे. सक्तीच्या विश्रांतीने स्नायू दुर्बल होतात आणि बरे होण्यास उलट उशीर लागतो. एक-दोन दिवस फार वेदना असतील तेव्हा पडून राहावे, एरवी सोसवेल तितके चालावे-फिरावे आणि नेहमीची कामे शक्य तितक्या लवकर सुरू करावीत, असेच आता सांगितले जाते. शेकाने बरे वाटते व त्याने अपाय होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला आजाराविषयी नीट समजावून सांगणे आणि मानसिक आधार यांवर भर आहे. कंबरेचा पट्टा, वजने लावून ओढ देणे म्हणजेच ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडील अनेक दवाखान्यांत पहिल्या दोन गोष्टींनीच उपचाराची सुरुवात होते, हे येथे नमूद करावे लागेल.

'गॅप'ची भीती

'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य मराठी घरांत इतके रुळले आहे की, ते निदान नव्हे याचा विसर पडावा. बोलणाऱ्याला त्यातून कधी चकतीची झीज सांगायची असते, कधी चकतीचा फुगवटा, तर कधी मणका पुढे सरकल्याचे. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र कण्याला भेग पडल्याचेच चित्र उभे राहते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठदुखी मुळीच नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडण्यात आले होते. त्यांच्यापैकी विशीतील ३७ टक्के व्यक्तींच्या चकत्यांत झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. चकतीचा फुगवटा विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के लोकांमध्ये आढळला. यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती. केस पिकावेत तशा चकत्या झिजतात. त्यामुळे एमआरआयच्या अहवालातील शब्द वाचून घाबरण्यात अर्थ नाही. तक्रार, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि चित्र या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच त्या चित्राला महत्त्व येते.

चकतीच्या कडीला चीर जाऊन आतील गाभा बाहेर आला व त्याने मज्जातंतूच्या मुळाला त्रास दिला, तर मात्र दुखणे वेगळे रूप घेते. कंबरेपेक्षा पायात अधिक कळा येतात. नितंबापासून पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत वेदनेची रेघ उमटते, मुंग्या येतात, बधिरता जाणवते. ही सायटिका होय. बहुतेक वेळा ती कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांमुळे होते. विशेष म्हणजे बाहेर आलेला गाभा शरीर हळूहळू शोषून घेते आणि बहुसंख्य रुग्ण दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. नेदरलँडमध्ये २८३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींवर लवकर शस्त्रक्रिया केली गेली, तर काहींना थांबण्यास सांगण्यात आले. शस्त्रक्रियेने वेदना लवकर थांबल्या हे खरे. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करवून घ्यावी लागली, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे शस्त्रक्रिया निरुपयोगी नाही. वेदना सोसत थांबायचे की लवकर मोकळे व्हायचे, हा निर्णय पुष्कळसा रुग्णाचा आहे. 'आत्ताच केली नाही तर पाय जाईल' अशी भीती घालून तो करवून घेऊ नये.

याला एक अपवाद आहे. चकतीचा मोठा तुकडा अश्वपुच्छावरच दाबला गेला, तर दोन्ही पायांत कळा व अशक्तपणा येतो. जांघा, गुदद्वार व जननेंद्रियांभोवतीची त्वचा, म्हणजे खोगिरावर बसताना टेकणारा भाग, बधिर होतो. लघवी तुंबते किंवा नकळत होऊ लागते, शौचावरील ताबा जातो. यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच त्याच दिवशी एमआरआय व शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठले पाहिजे. दाब एक-दोन दिवसांत दूर झाला नाही, तर मूत्राशयावरील ताबा पुन्हा मिळेल याची खात्री राहत नाही. संकोचापोटी अनेक जण, विशेषतः स्त्रिया, ही तक्रार सांगतच नाहीत. कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णास डॉक्टरांनीच लघवीविषयी विचारणे त्यामुळे आवश्यक ठरते.

मान

मानेचे मणके लहान, हालचाल मात्र सर्वांत अधिक. चाळिशीनंतर येथील चकत्या झिजतात व हाडाच्या कडा वाढतात. याला स्पॉण्डिलोसिस म्हणतात. मान आखडणे, खांद्यात व हातात कळ जाणे, बोटांना मुंग्या येणे हा त्रास बहुधा व्यायामाने आणि बसण्याची पद्धत सुधारून आटोक्यात येतो. चक्कर आली की तिचे खापर स्पॉण्डिलोसिसवर फोडण्याची रीत आहे. प्रत्यक्षात चक्करेचे कारण बहुधा कानात किंवा अन्यत्र सापडते.

परंतु येथे कमरेसारखे नुसते मज्जातंतू नसून खुद्द मज्जारज्जू असतो. त्याच्यावर हळूहळू दाब वाढत गेला तर दुखणे नसतानाही हातांचे कसब जाते. शर्टाची बटणे लावता येत नाहीत, अक्षर बिघडते, चपला पायातून निसटतात, चालताना तोल जातो. घरचे लोक हे वयोमानावर घालवतात. ही लक्षणे वाढत असतील तर वाट पाहण्यात नुकसानच असते, कारण शस्त्रक्रियेने बिघाड पुढे जाणे थांबते, पण गेलेले सर्व परत येतेच असे नाही.

केशकर्तनालयात मालीश केल्यावर मान दोन्ही बाजूंना झटक्याने वळवून 'कट्' असा आवाज काढण्याची सेवा अनेकांना प्रिय असते. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतील स्तराला चीर जाऊन पक्षाघात होऊ शकतो. तो क्वचितच होतो, हे मान्य; पण ज्या सुखासाठी हा धोका पत्करायचा, ते चार मिनिटांचे असते.

मणक्यांचा क्षय

पाश्चात्त्य पुस्तकांतील कण्याच्या प्रकरणांत क्षयाला चार ओळी मिळतात. भारतात त्याला तेवढ्यावर सोडता येत नाही. हाडांच्या क्षयांपैकी सुमारे निम्मे क्षय कण्यात होतात. इजिप्तमधील प्राचीन ममींच्या मणक्यांतही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये कण्याचे कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध प्रथम नीट वर्णन केला. म्हणून हा आजार आजही 'पॉट्स डिसीज' या नावाने ओळखला जातो. क्षयाचे जंतू हे त्यामागचे कारण असल्याचे मात्र रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये ते जंतू शोधल्यानंतरच सिद्ध होऊ शकले.

हा रोग फसवा आहे. रुग्णाला खोकला असतोच असे नाही, त्यामुळे क्षयाची शंकाच कोणाला येत नाही. आठवड्यांमागून आठवडे एकाच जागी दुखते, विश्रांतीने थांबत नाही, रात्री अधिक जाणवते. संध्याकाळी कणकण, भूक मंदावणे, वजन उतरणे ही लक्षणे काहींत असतात, काहींत नसतातही. क्ष-किरण चित्रात बदल उशिरा दिसतात. एमआरआयमध्ये ते लवकर कळतात. साध्या कंबरदुखीत अनावश्यक ठरणारी ही तपासणी येथे मात्र टाळता कामा नये. शक्य तेथे सुईने नमुना काढून जंतूंची व औषधांना दाद न देणाऱ्या प्रकाराची तपासणी करावी लागते. मुंबईसारख्या शहरात, जेथे असे दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणावर आढळतात, तेथे अंदाजाने औषधे सुरू करणे धोक्याचे आहे.

पूर्वी अशा रुग्णांना वर्षानुवर्षे प्लास्टरमध्ये ठेवीत, नंतरच्या काळात सरसकट शस्त्रक्रियेकडे कल झुकला. वाराणसी येथील डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये 'मध्यम मार्ग' मांडला : औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया मात्र लुळेपणा वाढणाऱ्या, औषधांना दाद न देणाऱ्या किंवा कणा अस्थिर झालेल्या रुग्णांनाच. आजही उपचाराचा गाभा तोच आहे. औषधे साधारणतः १२ महिने, काही रुग्णांत १८ महिन्यांपर्यंत घ्यावी लागतात. ती सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात आणि उपचारकाळात पोषणासाठी दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आली आहे. पायांत बळ कमी झाल्यावरही वेळेवर उपचार मिळाल्यास पुष्कळ रुग्ण पुन्हा चालू लागतात. कण्याच्या फार थोड्या गंभीर विकारांत इतकी आशा असते.

काही विशेष विकार

विशी-तिशीतील तरुणाची कंबर पहाटे दुखून त्याला जाग येत असेल, उठल्यावर अर्धा-पाऊण तास ताठरपणा राहत असेल आणि विश्रांतीऐवजी हालचालीने बरे वाटत असेल, तर ती साधी कंबरदुखी नव्हे. अँकिलोजिंग स्पॉण्डिलायटिस या संधिवाताची ही ओळख असून त्यात मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात. निदानाला अनेकदा वर्षे लागतात. अशा रुग्णाने अस्थिरोगतज्ज्ञाइतकेच संधिवाततज्ज्ञाकडे जाणे अगत्याचे आहे.

ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात आणि मणका कधी कधी साध्या हिसक्यानेही चेपतो. एसटीच्या मागच्या बाकावर बसून खड्ड्यातून उसळल्याचे एवढे निमित्त पुरते. उंची कमी होणे, पाठीला बाक येणे यांकडे 'म्हातारपण' म्हणून पाहिले जाते. हाडांची घनता मोजून औषधे सुरू केली तर पुढचे अस्थिभंग, त्यांत खुब्याचाही, बऱ्याच अंशी टाळता येतात.

वाढीच्या वयात, मुख्यत्वे मुलींमध्ये, कणा बाजूला वळतो. दप्तराच्या ओझ्याने हा बाक येत नाही. ओझ्याने पाठ दुखते, ही वेगळी गोष्ट. मुलीला पुढे वाकायला सांगून पाठीमागून पाहिले तर एका बाजूच्या बरगड्या उंचावलेल्या दिसतात. मध्यम बाक असलेल्या मुलांना विशिष्ट पट्ट्याने बाक वाढण्यापासून रोखता येते, हे २०१३ मधील चाचणीत सिद्ध झाले. मात्र तो दिवसाचे बरेच तास आणि वाढ थांबेपर्यंत घालावा लागतो.

क्रिकेट शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. वेगवान गोलंदाजी करताना कमरेच्या मणक्याच्या मागील कमानीवर पुन्हा पुन्हा ताण येऊन तेथे सूक्ष्म भंग होतो. डेनिस लिली १९७३ मध्ये याच दुखापतीने खेळापासून दूर झाला होता आणि जसप्रीत बुमराहलाही २०१९ मध्ये तिने गाठले. कोवळ्या वयात हा भंग विश्रांतीने भरून येतो, अट एवढीच की चेंडू टाकणे खरोखर थांबवले पाहिजे.

अपघात घडतो तेव्हा

मज्जारज्जूच्या इजा भारतात प्रामुख्याने उंचावरून पडल्याने आणि रस्त्यावरील अपघातांनी होतात. बांधकामाची परांची, नारळाचे वा आंब्याचे झाड, कठडा नसलेली गच्ची ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी आटलेल्या विहिरीत डोक्याकडून सूर मारणाऱ्या मुलाची मान तळाशी आदळून मोडते. दहीहंडीच्या थरांवरून कोसळलेल्या गोविंदाचेही तेच होते. २०१७ पासून १४ वर्षांखालील मुलांना थरांवर चढवण्यास मनाई आहे. वरच्या थरावरील मुलाची मान चौदाव्या वर्षानंतर काही अधिक मजबूत होत नाही, हा भाग वेगळा.

अशा वेळी भोवतालच्या माणसांच्या हाती फार मोठी गोष्ट असते. मणका मोडला तरी रज्जू तुटलेला असेलच असे नाही. जखमीला दोघांनी बगलेत व पायांना धरून उचलले, रिक्षात अर्धवट दुमडून बसवले, की मोडलेले हाड आतील रज्जूला चिरडते आणि चालू शकला असता असा माणूस आयुष्यभरासाठी लुळा होतो. पाणी पाजण्यासाठी मान उचलणे, 'उठून बस बघू' म्हणणे हेही तितकेच घातक. आग, पाणी किंवा रहदारीचा धोका नसेल तर त्याला हलवू नये. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, श्वास चालू आहे ना ते पाहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. हलवणे भागच असेल तर चार-पाच जणांनी मिळून डोके, धड व पाय एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसे एकदम वळवावे आणि सपाट फळीवर अथवा दरवाजाच्या फळ्यावर घ्यावे. दुचाकीस्वाराचे शिरस्त्राण ओढून काढू नये. मदत करणाऱ्यास पोलीस चौकशीत अडकवता येत नाही, असे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्णयाने व पुढे २०१९ मधील मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने मिळाले आहे.

इजा मानेत झाली तर हात-पाय दोन्ही जातात आणि फार वर असेल तर श्वासही. छातीच्या भागात झाली तर पाय. रज्जू संपतो त्याखाली झाली तर केवळ मज्जातंतू दुखावतात व सुधारणेची शक्यता अधिक राहते. रज्जूवरील दाब शक्यतो २४ तासांत दूर करावा, याकडे आता शल्यविशारदांचा कल आहे. तुटलेला रज्जू मात्र अद्याप कोणत्याही औषधाने जुळवता येत नाही. मूलपेशींच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन दिली जाणारी आश्वासने घर विकायला लावतात आणि रुग्णाला होता तेथेच ठेवतात.

मात्र 'काही करता येत नाही' हेही खरे नाही. पहिल्या महायुद्धात कणा दुखावलेले बहुतेक सैनिक काही महिन्यांत दगावले ते लुळेपणाने नव्हे, तर शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचा आणि मूत्राशयाची काटेकोर काळजी घेण्याचा नेम घालून दिला, त्यांना कामाला व खेळाला लावले. तेथे १९४८ मध्ये १६ खेळाडूंनी सुरू केलेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कण्याला इजा झाली आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

घरी आणलेल्या रुग्णाची व्यवस्था आजही गुटमन यांच्याच पद्धतीने करावी लागते. दिवसरात्र कूस बदलणे, चाकाच्या खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून बुडाखालचा दाब सोडणे, आरशात पाहून टाचा, माकडहाड व नितंबांची त्वचा रोज तपासणे. बधिर त्वचेला चटका समजत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी जवळ आणू नये. कायमची नळी ठेवण्याऐवजी दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत बहुतेकांना शिकता येते आणि त्याने मूत्रपिंडे वाचतात. हे शिक्षण देणाऱ्या संस्था थोड्या आहेत : मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, आणि जखमी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना रुग्णालयाने पुनर्वसनाबद्दल काही सांगितले नसेल, तर नातेवाइकांनी ते स्वतः विचारावे आणि पहिले शय्याव्रण होण्याआधी विचारावे.